अब्बांची जवारी

फोन पाण्यात पडला तर तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाची पूड चार्जिंगच्या भोकात जाते आणि ओला फोन ओलाच राहतो. सिमचा ट्रे काढा, फोन उभा धरून झटका, पंख्याखाली ठेवा आणि दोन दिवस त्याच्याकडे बघू नका. हे मी एका मिनिटात सांगितलं होतं आणि त्या एका मिनिटानं मला सव्वा लाख माणसं मिळाली. तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि सव्वा लाख माणसं आपलं ऐकतात म्हटल्यावर डोक्यात जेवढी हवा जायची तेवढी गेली होती.

चॅनेलचं नाव 'नौशीनचं एक मिनिट'. मिरजेहून सांगलीला कॉलेजला जायचं, येताना बसमध्ये युक्ती शोधायची, घरी गच्चीवर चित्रित करायची. बॅटरी शंभर टक्के भरू नका. चार्जिंगचं भोक टाचणीनं नव्हे, लाकडी काडीनं साफ करा. जुना फोन कपाटात ठेवून करणार काय, देऊन टाका आणि नवा घ्या. माझा नियम एकच होता, ऐकणाऱ्याला काही वाचायला लावायचं नाही. लोकांना वाचायचा कंटाळा असतो हे मला फार लवकर कळलं होतं. मलाही होताच.

घरात मात्र माझ्या मिनिटाला कुणी विचारत नसे, कारण आमच्या घरात एक सूर लावायला चार दिवस लागतात. आम्ही तानपुरे करणारी माणसं. अब्बांचं नाव दस्तगीर. त्यांचे धाकटे भाऊ इलाही म्हणजे माझे चाचा. चाचांनी लग्न केलं नाही, ते आमच्यातच राहतात. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. आम्ही घरात दखनी आणि मराठी अशी मिसळून बोलतो, इथं सगळं मराठीतच लिहिते.

जवारी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तानपुऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका रुंद पट्टीवरून जातात. तिला घोडी म्हणतात. आमच्याकडे ती हाडाची असते. वरून सपाट दिसते, पण तिला केसभर उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत, उठत, पुन्हा टेकत राहते, म्हणून एका तारेतून एकच सूर न निघता सुरांचा झुबका निघतो आणि घुमत राहतो. त्या घुमण्याला जवारी म्हणतात. उतार कानशीनं काढायचा असतो आणि त्याला माप नाही. ज्याचा त्याचा हात, ज्याचा त्याचा कान.

अब्बांची जवारी जरा बंद असायची. तार सोडली की आधी काहीच झालं नाही असं वाटायचं, आणि आपण श्वास घेतला की मग आवाज उघडायचा. गाणारे म्हणायचे, दस्तगीरभाईंचा तानपुरा आधी गाणाऱ्याला जागा देतो, मग बोलतो. तारा घासून घोडीला चरे पडतात, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी जवारी परत काढावी लागते. जुना उतार शाबूत असेल तर त्याच्या मागोमाग कानस फिरवायची, अगदी थोडं हाड काढायचं, पहिला आवाज परत येतो. पण उतारच बदलला तर संपलं. गेलेलं हाड परत बसवता येत नाही.

आणि आमच्या घरची एक रीत होती. ज्यानं जवारी काढली त्यानं ती झाली असं स्वतः म्हणायचं नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी यायचं, वाद्याकडे पाठ करून बसायचं, ऐकायचं आणि "बसली" म्हणायचं. ते म्हणेपर्यंत कानस खाली ठेवायची नाही. अब्बा आणि चाचांनी एकमेकांसाठी हे तीस वर्षं केलं. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून अब्बा मलाही बसवायचे. मी चुकून आधीच "बसली" म्हटलं तर हसायचे आणि म्हणायचे, अजून उभीच आहे, ऐक नीट.

हाडाची भुकटी नाकातोंडात जाऊन अब्बांची छाती भरून गेली होती. बोलताना प्रत्येक वाक्याआधी बारीक शिट्टी वाजायची. आपण फार दिवस नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या हातचे तानपुरे शेकड्यांनी बाहेर गेले, पण बहुतेकांच्या घोड्या पुढे दुसऱ्यांनी घासल्या. फक्त आमच्याच दुकानात परत येणारे बारा तानपुरे उरले होते. शेवटच्या वर्षात त्यातला एकेक आला तशी अब्बांनी जवारी काढली आणि आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित करून चाचांच्या फोनवर पाठवली. आधी मालकाचं नाव सांगायचे, मग दोन मिनिटं तारा छेडायचे. इलाहीला पुढे उपयोगी पडेल, म्हणायचे. चाचांचा स्वतःचा हात खुल्या, लगेच उघडणाऱ्या जवारीचा, म्हणून दादाचा आवाज ताडून बघायला काहीतरी हवं.

अब्बा गेले तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतर दीड वर्ष चाचा ती मुद्रणं ऐकून, जुन्या उताराच्या मागोमाग कानस फिरवून, ते तानपुरे अब्बांच्या आवाजावर परत आणत राहिले. "बसली" मी म्हणायचे. ते म्हणताना दर वेळी अब्बा शेजारच्या खोलीत आहेत असं वाटायचं.

मी दुसऱ्या वर्षाला गेले त्या सुमाराला मेमरीच्या चिप मिळेनाशा झाल्या. जगातल्या चिप मोठमोठ्या संगणकांच्या गोदामांत जात होत्या आणि साध्या माणसाच्या फोनवर 'जागा शिल्लक नाही' ही पाटी कायमची झाली होती. लोक मला रोज विचारायचे, ताई, जागा कशी करायची. फोनच्या एका नव्या सुधारणेबरोबर त्याचं उत्तर आलं. त्याचं नाव 'हलका साठा'.

ते काम कसं करतं हे मला नंतर कळलं, म्हणजे मी नंतर वाचलं. पूर्वी आवाज लहान करायचा म्हणजे माणसाच्या कानाला न कळणारे बारकावे गाळायचे. हलका साठा त्याच्या फार पुढे जातो. फोनमध्ये एक शिकवलेली यंत्रणा असते. तिनं लाखो तानपुरे, लाखो माणसांचे आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, पोरांचं रडणं, सगळं ऐकलेलं असतं. ती तुमचं मुद्रण ठेवतच नाही. ऐकते, आणि एक चिठ्ठी लिहिते: तानपुरा, काळी चार पट्टी, संथ, लहान खोली, आणि पुढे दीड-दोनशे आकडे. मग मूळ मुद्रण पुसते. तुम्ही बटण दाबलं की त्या चिठ्ठीवरून आवाज नव्यानं तयार करते. आपण आचाऱ्याला सांगावं, शिरा कर, आमच्या घरी करतात तसा, आणि त्यानं लग्नातला शिरा आणून ठेवावा, तसं ते आहे. शिराच असतो तो. चिठ्ठीत जे मावत नाही, म्हणजे तुमच्या घरचंच जे काही असतं, तिथं ती यंत्रणा सगळीकडे सापडतं ते भरते.

दहापैकी नऊ जणांना फरक कळत नाही. उलट आवाज स्वच्छ वाटतो. आणि फोनमधली निम्मी जागा रिकामी होते.

मी त्या दुपारीच मिनिटाचा व्हिडिओ केला. त्यातलं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं: "इथं चार वेळा 'पुढे' दाबायचं, वाचत बसायचं नाही." चाळीस लाख लोकांनी तो पाहिला. दाखवायला एक भरलेला फोन हवा होता, म्हणून मी चाचांचा घेतला. व्हिडिओत दिसणारं बोट माझं आहे आणि फोन त्यांचा. तिसऱ्या पडद्यावर खाली लिहिलं होतं की मूळ फाइल परत मिळणार नाही, आणि रोजचा बॅकअपही याच रूपात बदलेल. अब्बांचा जुना फोन मीच आदल्या वर्षी देऊन टाकला होता, माझ्याच युक्तीप्रमाणे.

चाचा म्हणाले, "हे चांगलं केलंस. फोन पळाय लागला."

पावसाळा संपला की आमच्याकडे गर्दी होते. दमट हवेनं सगळे तानपुरे बिघडलेले असतात आणि गाण्याच्या बैठकी तोंडावर आलेल्या असतात. त्या दसऱ्याच्या आगेमागे, दोन महिन्यांत, अब्बांच्या बारापैकी अकरा तानपुरे आले. बारावा धारवाडच्या गिरिजाबाई कित्तूर यांचा. त्या घरात पडल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं, म्हणून त्यांचा आला नाही.

पहिला कोल्हापूरचा. चाचांनी नेहमीसारखी उताराच्या मागोमाग कानस फिरवली, तारा लावल्या, फोनवरचं ऐकलं आणि ते थबकले. मी कॉलेजला निघाले होते. त्यांनी हाक मारली, जरा बस, ऐक, म्हणाले. हा तानपुरा मला बरोबर वाटतोय, पण फोनवरचा दादाचा याच्यापेक्षा खुला आहे. माझी परीक्षा होती, बस चुकणार होती, आणि एक व्हिडिओ अर्धवट होता. मी पाठ करून बसले नाही. दारातूनच त्यांना युक्ती सांगितली. 'जुळणी' नावाचं एक ॲप होतं. दोन आवाज ऐकवले की ते किती टक्के सारखे आहेत हे सांगायचं. मी ते त्यांच्या फोनवर घालून दिलं आणि म्हटलं, "चाचा, माणसाच्या कानाचं काय सांगावं, सर्दी झाली तरी बदलतो. फोन विसरत नाही. नव्वदच्या वर आकडा आला की झालं."

आकडा आला एकसष्ट.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा चाचा अजून कानस धरून बसले होते. त्यांनी उतार नव्यानं काढला होता. आकडा सत्त्याण्णव दाखवत होता. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, पण त्यांनी मला ऐकायला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, चला, एक काम सुटलं. अशा अकरा घोड्या. अकरा वेळा "बसली" असं फोननं सांगितलं.

मालक येऊन तानपुरे घेऊन गेले. त्यातल्या एकानंही नाक मुरडलं असतं तर चाचांना संशय आला असता. पण सगळे खूश होते. यंदा एकदम मोकळा लागलाय, म्हणाले. याचं कारणही मला नंतर उमगलं. ते घरी, गाडीत, शिकवणीत, जे काही फोनवर ऐकत होते ते आता त्याच यंत्रणेतून येत होतं. चाळीस लाख लोकांनी चार वेळा 'पुढे' दाबलं होतं. सगळ्यांच्या कानात एकच तानपुरा घुमत होता, आणि त्याच्यासारखा वाजला की त्यांना तो चांगला लागलाय असं वाटत होतं.

म्हणजे फोन म्हणत होता बरोबर आणि मालक म्हणत होते बरोबर. नाही म्हणत होता तो एकटा चाचांचा कान.

चाचांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी कानशी पुसून, तेल लावून, फडक्यात बांधल्या आणि अम्मीला सांगितलं की माझा कान गेला. अम्मीनं जबरदस्तीनं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि वयाच्या मानानं उत्तम आहे म्हणाले. चाचा म्हणाले, त्यांच्या पेटीतली टुकटुक ऐकू येते, त्याचं काय करू. चाळीस वर्षं ज्या आवाजाशेजारी बसलो तो मला ओळखू येत नाही. दादाची जवारी माझ्या कानाला परकी लागते, आणि जी माझ्या कानाला दादाची वाटते ती चुकीची निघते. अशा माणसानं लोकांच्या वाद्यांना हात लावू नये.

त्यांनी दुकान बंद केलं. मग ते ओट्यावर बसू लागले. कुणी समोरून गात गेलं तरी मान वर करायचे नाहीत. जो माणूस कुकरच्या शिट्टीचा सूर सांगायचा तो गप्प बसलेला बघणं फार वाईट होतं. आणि मी? मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं. चाचांना अठ्ठावन्न पुरी व्हायची होती.

डिसेंबरच्या शेवटी अब्बांची बरसी, त्यांच्या जाण्याची तिथी, आली. मला त्यांच्या आवाजातलं काहीतरी घरच्यांना ऐकवायचं होतं. मी चाचांच्या फोनवरचं पहिलं मुद्रण लावलं, ते कोल्हापूरचं. अब्बा मालकाचं नाव सांगतात तेवढंच. आवाज अब्बांचाच होता. पण बोलायच्या आधीची शिट्टी नव्हती. छातीतली घरघर नव्हती. माझे अब्बा बातम्या देणाऱ्या माणसासारखे, स्वच्छ, एका दमात बोलत होते. शेवटच्या वर्षात त्यांना एका दमात पाणीही पिता येत नव्हतं.

मी दुसरं लावलं, तिसरं लावलं. बाराही ठिकाणी अब्बा ठणठणीत बरे होते. मग मी गच्चीवर गेले, पाठ करून बसले, आणि अब्बांनी शिकवलं होतं तसं पुढचं ऐकलं. बाराही तानपुरे एकसारखे. तार सोडली की लगेच आवाज उघडत होता. श्वास घ्यायला जागाच नव्हती.

तेव्हा मी ते चार पडदे वाचले. वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. चाचांचा कान पहिल्या दिवशी बरोबर होता. अकराही वेळा बरोबर होता. त्यांच्या हातून जे उतरत होतं ते अब्बांचंच होतं, आणि ते मी सांगितलं म्हणून, आकडा वर जावा म्हणून, त्यांनी स्वतःच्या कानशीनं घासून काढलं होतं. मुद्रणं गेली होती आणि अकरा उतारही गेले होते. अब्बा दोन ठिकाणी उरले होते, दोन्ही ठिकाणांहून मी त्यांना घालवलं.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ केला. हलका साठा बंद करा, आणि ज्यांनी अजून चालू केला नसेल त्यांनी करू नका, असं सांगितलं. आधीच्या चाळीस लाखांपैकी त्र्याण्णव हजारांनी तो पाहिला. खाली एका बाईंनी लिहिलं होतं की माझ्या मुलाचं पहिलं रडणं होतं, तो आता नाही, ते परत कसं आणायचं, ताई, काही युक्ती सांगा. मी त्यांना उत्तर लिहिलं नाही. त्यानंतर चॅनेलवर काही टाकलंही नाही.

आणि चाचांना सांगितलं नाही. अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, आत्ता त्यांना वाटतंय कान गेला. ते दुःख वयाचं म्हणून गिळतील. तू सांगितलंस तर त्यांना कळेल की भावाचा हात आपणच पुसला. ते कसं गिळतील? मला हे पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. मी रोज त्यांच्यासमोरून कॉलेजला जात होते आणि येत होते. ते विचारायचे, परीक्षा कशी गेली. मी म्हणायचे, बरी गेली. असे आठ महिने गेले.

ऑगस्टमध्ये गिरिजाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, बरोबर गाडीवाला आणि बाराव्या तानपुऱ्याची पेटी. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि तोही बंद असायचा. दुकानाला कुलूप बघून त्या सरळ आमच्या बैठकीच्या खोलीत आल्या. चाचांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हात जोडून सांगितलं की मी काम सोडलंय, कान राहिला नाही, तुम्ही दुसरीकडे दाखवा.

बाईंनी गाडीवाल्याकडून तानपुरा बाहेर काढून घेतला, मांडीवर आडवा घेतला आणि छेडला. घोडी चऱ्यांनी भरली होती, आवाज खरखरीत झाला होता. तरी तार सुटली आणि क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग तो उघडला. वर्षभरात अब्बांना मी पहिल्यांदा ऐकत होते.

चाचांनी डोळे मिटले होते.

"कान गेला म्हणतोस इलाही, मग डोळे कशाला मिटलेस?" बाई म्हणाल्या.

"सवय हाय बाई," चाचा म्हणाले. "मला हे दादाचं वाटतंय. पण मला जे दादाचं वाटतं ते नसतं. फोनवर ताडून बघितलंय मी. अकरा वेळा."

हात पुढे करून त्यांनी तानपुऱ्याच्या दांडीला नुसता स्पर्श केला आणि मागे घेतला. त्या हाताकडे बघून मला पुढे गप्प बसणं शक्य झालं नाही. मी दारात उभी होते, तिथूनच बोलले. व्हिडिओत बोलायचे तसंच बोलले, आधी हे होतं, मग ते होतं, कारण दुसरी कुठली रीत मला येतच नव्हती. हलका साठा काय करतो. चिठ्ठी कशी लिहितो. अब्बांची शिट्टी कुठे गेली. फोनवरचा तानपुरा अब्बांचा नव्हताच. तुमचा कान गेलेला नाही चाचा, कधीच गेला नव्हता, आणि हे मला बरसीपासून ठाऊक आहे.

चाचांनी विचारलं, मूळचं कुठे मिळेल का. मी नाही म्हटलं. त्यांनी बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली. कोल्हापूर, सांगलीचे दोन, इचलकरंजी, निपाणी. सहाव्या नावाला त्यांचा आवाज फुटला आणि ते रडले. मोठ्यानं, तोंड न झाकता. अब्बा गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. गिरिजाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. मी दारातून आत जाऊ शकले नाही.

रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, दुकान उघडलं आणि कानशीचं फडकं सोडलं. बाराव्या तानपुऱ्याचा उतार शाबूत होता. दोन तास त्यांनी त्या उताराच्या मागोमाग, मुंगीच्या पावलानं, कानस फिरवली. तारा चढवल्या, सूर लावला. आता कुणीतरी पाठ करून बसायचं होतं. मी पुढे झाले आणि जमिनीवर बसणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "तू नको. बाई, तुम्ही बसा."

गिरिजाबाई काठी टेकत, कमरेचं दुखणं सोसत, पाठ करून बसल्या. खूप वेळ ऐकून म्हणाल्या, "बसली."

त्या गेल्यावर दुकानात आम्ही दोघंच उरलो. चाचा हाडाची भुकटी कागदावर गोळा करत होते. मी म्हटलं, चाचा, माफ करा. त्यांनी वर बघितलं नाही.

"फोननं दोन महिने फसवलं. त्याला काय कळतंय," ते म्हणाले. "तू आठ महिने मला बहिरा म्हणून ओट्यावर बसू दिलंस."

भुकटीचा कागद दुमडून त्यांनी सांगितलं की अकरा घरी जायचं. लोकांचं वाद्य आपण बिघडवलंय, ते त्यांना सांगायचं. आणि सांगायचं तू, माझ्यासमोर, तिथं जाऊन. मी विचारलं, आठवणीतून परत लावून देता येतील का. ते म्हणाले, आता मी लावली तर ती माझी होईल. दादाची म्हणून मी ती कुणाला देणार नाही.

पहिलं घर कोल्हापूरचं. मालक शिक्षक होते, चांगले गाणारे. त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी सगळं सांगितलं, हलक्या साठ्यापासून सत्त्याण्णव टक्क्यांपर्यंत, आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातला तानपुरा काढला, छेडला, आणि जरा संकोचून म्हणाले, "पण इलाहीभाई, खरं सांगू का, आम्हाला हा आता जास्त आवडतो. आधीचा जरा दबलेला वाटायचा."

चाचांनी मान हलवली. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघताना त्यांना सांगितलं की पुन्हा जवारी काढायची वेळ आली की खुशाल दुसरीकडे दाखवा, काही हरकत नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. मी त्यांना विचारलं, लोकांना फरकच वाटत नसेल तर बाकीच्या घरी जायलाच हवं का. त्यांनी बोटावर मोजून सांगितलं, आता सांगलीचे दोन.

पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही उरलेल्या दहा घरी जाऊन आलो. सगळीकडे मीच सांगितलं, चाचा शेजारी बसून राहिले. लोकांनी आम्हाला चहा दिला, अब्बांची चौकशी केल्यासारखं त्यांच्याबद्दल चार शब्द बोलले. तक्रार एकानंही केली नाही.